कर्णिक मॅडमची पाच वर्षं

कर्णिक मॅडमसमोर सहीसाठी कागद ठेवला की त्या चष्मा काढून खुर्चीत मागे रेलायच्या आणि म्हणायच्या, "आता हे मला साध्या मराठीत सांग." घसारा असो नाहीतर विलीनीकरण. सांगताना अडखळलं की कागद परत. "सांगता येत नाही म्हणजे एकतर तुला कळलेलं नाही, नाहीतर कुणाला तरी कळू द्यायचं नाहीये."

आमचं ऑफिस पनवेलला, कारखाना तळोज्याला. मॅडम कर विभागाच्या प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली लागले त्याच्या बरंच आधी कंपनीने शेजारचा रंग बनवणारा एक डबघाईला आलेला कारखाना विलीन करून घेतला होता. ती कल्पना मॅडमची. मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं, "त्यांचा साचलेला तोटा आपल्या नफ्यातून वजा होतो, कर कमी बसतो. पण कायदा म्हणतो, नुसता तोटा गिळायचा नाही. त्यांचा धंदाही पाच वर्षं चालवायचा, निदान निम्म्या क्षमतेने."

"आणि पाच वर्षांनंतर?"

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. "कायदा काही म्हणत नाही."

विलीनीकरणानंतर त्या कारखान्याची मशिनरी दुरुस्त झाली होती, घरी बसलेले साठेक कामगार परत आले होते. बहुतेक आसपासच्या गावांतले. कंपनीने आपल्यासाठी कारखाना वाचवला, असंच ते समजत होते. बाळाराम म्हात्रे हा त्यांचा पुढारी. मॅडम कारखान्यात गेल्या की तो स्वतः फाटकापर्यंत यायचा, घरच्या वालाच्या शेंगा द्यायचा. मॅडम त्या घ्यायच्या, पण परतताना गाडीत एक शब्द बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, दमल्या असतील.

पाचवं वर्ष सरत आलं आणि संचालकांनी ते रंगाचं युनिट बंद करून जमीन विकायचं ठरवलं. मॅडम बैठकीत उठून म्हणाल्या, "थोडा का होईना, नफा होतोय. चालू ठेवू या." मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "पाच वर्षांनी आपण मोकळे, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?" मॅडम खाली बसल्या. कामगारांना नोटीस मार्चअखेर द्यायची, तोवर कुणी बोलायचं नाही, असं ठरलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात युनिटमध्ये सत्यनारायण होता. कामगार बायकामुलांसह आले होते. बाळारामने मॅडमना पुढे बोलावून त्यांच्या खांद्यावर शाल घातली. "मॅडम, तुमी होत्या म्हनून कंपनी चालू ऱ्हायली. आमी इसरनार नाय."

मॅडमनी शाल काढून हातात धरली. "कंपनी मी तुमच्यासाठी चालू ठेवली नाही, बाळाराम. आमचा कर वाचावा म्हणून पाच वर्षं चालवणं भाग होतं. ती मुदत मार्चमध्ये संपते. मग हे युनिट बंद होणार आहे. आत्तापासून दुसरीकडे बघा."

एका बाईने मुलाला जवळ ओढलं. बाळारामने प्रसादाचा एक द्रोण उचलून मॅडमपुढे धरला. मग म्हणाला, "परसाद घेतल्याबिगर जाव नका." मॅडमनी शिऱ्याचा द्रोण घेतला, पण शिरा त्यांच्याने खाववला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीने मॅडमकडून राजीनामा मागून घेतला. नोटीस यायच्या आत काही कामगारांना बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांत काम मिळालं, काहींना नाही. बाळाराम पळस्प्याला एका ट्रकच्या गॅरेजात लागला.

परवा मी मॅडमना भेटायला त्यांच्या नवीन पनवेलच्या घरी गेले. त्या आता घरूनच दोन-चार लहान कंपन्यांची कामं बघतात. मी म्हटलं, "बाळाराम भेटला होता. तुमची चौकशी करत होता. एकदा जाऊन या ना."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"असं काय म्हणता? कंपनीतल्या एवढ्या लोकांत खरं बोललेल्या तुम्ही एकट्याच."

"बोलले, पण पाचव्या वर्षी." त्यांनी चष्मा काढला. "मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. त्या कामगारांतल्या कितीतरी जणांनी त्या पगाराच्या भरवशावर घरं बांधायला काढली. मला वास्तुशांतीची आमंत्रणं यायची. आणि मी जेवून यायचे."