भिलाईला गेलेलं वाण

आमच्या ग्रंथालयाच्या सचिवाला मी मनातल्या मनात जितके शाप दिले, तितके सासूलाही दिले नव्हते. सासूला द्यायला निदान कारणं तरी जुनी आणि भरभक्कम होती. हा माणूस दोन वाक्यांत माझा शत्रू झाला. मी वाचनकक्षात पेपर घेऊन बसले होते आणि तो काडीनं दात कोरत समोर येऊन उभा राहिला. "माताजी, मार्च के बाद हम नेटवर्क छोड़ रहे हैं. अपना खुद का ॲप होगा."

एक तर मला माताजी म्हटलेलं खपत नाही. माताजी म्हणजे जिला आरती करून कोपऱ्यात बसवायचं ती.

हे नेटवर्क म्हणजे काय, ते सांगते. रायपूरच्या पुरानी बस्तीतलं आमचं सार्वजनिक ग्रंथालय, भिलाईचं, दुर्गचं, बिलासपूरचं आणि आसपासची आणखी काही, अशी सगळी एका सॉफ्टवेअरवर जोडलेली. पुस्तक कुठल्याही गावचं असो, मागणी टाकायची, आठवड्याच्या गाडीनं ते येतं. वाचून झालं की जवळ असेल त्या ग्रंथालयात परत करायचं. मग पुढचा कोणी मागेपर्यंत ते तिथंच राहतं.

आता बाहेर पडायचं, तर वाटणी कशी करायची? सचिवानं करार वाचून दाखवला. शेवटच्या दिवशी जे पुस्तक ज्या ग्रंथालयाच्या कपाटात असेल, किंवा त्याच्या सभासदाकडे असेल, ते त्या ग्रंथालयाचं. झालं, मिटलं.

मिटलं कसं? आमचं मराठी कपाट जवळजवळ सगळं भिलाईत पडलेलं होतं. तिकडं स्टील प्लांटच्या नोकरीवर आलेली विदर्भातली मराठी माणसं खूप, आणि त्यांच्यात वाचणारेही खूप. शिवाय तिथं माझी नणंद राहते. ती एकटीच एका शाळेइतकं वाचते.

त्या कपाटात सरकारी खरेदीचं एकही पुस्तक नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या, डबे, प्लास्टिकच्या गाळण्या लुटायच्या, त्यापेक्षा प्रत्येकीनं एक मराठी पुस्तक ग्रंथालयाला द्यावं, अशी चाल आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाडली होती. बाई पुस्तक आणायची, पहिल्या पानावर हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावायची आणि कपाटात ठेवायची. त्यामुळे आमचं पुस्तक कुठल्याही गावी गेलं तरी ओळखू येतं. बारकोड आला तो पुष्कळ नंतर.

आणि तो बारकोड आणला कोणी? मीच. तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि ग्रंथालयाच्या कमिटीवर होते. तेव्हाची मी म्हणजे काय ती बाई! मोहरीच्या रंगाची कडक स्टार्चची साडी, हातात फाइल, चष्मा नाकाच्या टोकावर, जणू संगणकाचा शोध हिच्याच माहेरी लागला. माउस उलटा धरायची, बाण वर न्यायला गेली की खाली पळायचा, तरी ऐट उतरायची नाही. नेटवर्कच्या उद्घाटनाला तिनं भाषण ठोकलं होतं. पुस्तकानं कपाटात झोपून राहू नये, जिथं वाचक वाट बघतोय तिथं चालत जावं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की त्या बाईला सगळं खरं वाटायचं.

त्या समारंभाला नणंद भिलाईहून आली होती. टाळ्या वाजवल्या नाहीत तिनं. चहा पिताना एवढंच म्हणाली, की वाणाचं पुस्तक गावोगाव फिरवायचं हे मले काही पटून नाही राहिलं. मी तिला मागासलेली म्हटलं, तेही चारचौघांत. ती माझ्याहून लहान, पण आमच्या घरात लहान नणंदेलाही ताई म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. म्हणून गेली कित्येक वर्षं आम्ही दोघी अत्यंत आदरानं भांडतोय.

तर सचिवाला मी विचारलं, मराठी कपाटाचं काय? तो म्हणाला, जे परत येईल ते येईल, नाही तर तिथं परीक्षेवाल्या मुलांसाठी खुर्च्या लावू. "वैसे भी मराठी अब कौन पढ़ता है?" हे तो माझ्याकडे बघत म्हणाला. माझ्या हातात त्या वेळी मराठी पेपर होता.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. फोन घेतला आणि भिलाईत पडलेल्या आमच्या एकेका पुस्तकावर मागणी टाकत बसले. एका कार्डावर मोजकीच पुस्तकं मिळतात, म्हणून हळदीकुंकवाच्या सगळ्या बायकांची कार्डं कामाला लावली. तेलीबांध्याला, तलावाकाठी लेकाकडं राहायला गेलेल्या एकीला मी फोनवरच दम दिला, की तलावाची हवा पुरे झाली, ऊठ आणि कार्डाचा नंबर सांग. कोणी म्हणालं डोळे गेले, कोणी म्हणालं आता भजनच बरं. मी सांगितलं, वाचू नका, नुसती घरी ठेवा.

पुस्तकं आली. गाडीतून पोती उतरली की मी काउंटरवर हजर. पहिलं पान उघडायचं, पिवळं-लाल बोट बघायचं, आपलं आहे म्हणायचं. भिलाईच्या लोकांनी चहाचे डाग पाडलेले, पानं दुमडलेली, एका पुस्तकात तर सुकलेलं कढीपत्त्याचं पान खूण म्हणून. मला वाटलं, हे नणंदेचंच काम. तिच्या फोडणीत कढीपत्ता फार असतो.

सगळी पुस्तकं आमच्या बायकांच्या घरी पोचली. करार सांगत होता की सभासदाकडे असलं तरी पुस्तक आपलंच. म्हणजे मार्च संपेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. गाढवालाही जमलं असतं.

पण मोहरीच्या साडीतली ती बाई मेलेली नव्हती. तिला सचिवाची जिरवायची होती. भरलेलं कपाट त्याच्या नाकासमोर उभं करायचं होतं, दात कोरणारी काडी हातातून गळून पडलेली बघायची होती. चैत्र लागलाच होता. तिनं फर्मान काढलं, शेवटच्या गाडीच्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ग्रंथालयातच करायचं, कपाटासमोर. प्रत्येकीनं आपापली पुस्तकं घेऊन यायचं आणि रीतसर परत करायची. आंब्याची डाळ आणि पन्हं माझ्याकडून.

काय थाट झाला! बायका नटून आल्या. परीक्षेवाली मुलं पुस्तकांतून माना वर काढून डाळीच्या वासाकडं बघत होती. सचिव दाराशी उभा होता, मी त्याला द्रोण भरून डाळ दिली, मुद्दाम जास्त तिखट. मग ओळीनं काउंटरवर पुस्तकं जाऊ लागली. काउंटरवरची पोट्टी आमच्याच गल्लीतली, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीतच देते. तिनं पहिलं पुस्तक यंत्राखाली धरलं, पडद्याकडे बघितलं आणि ते लाल ट्रेमध्ये ठेवलं. दुसरंही लाल ट्रेमध्ये. तिसरंही.

मी म्हटलं, कपाट इकडं आहे, बाई.

"आंटी, ये तो भिलाई जाएगी. उधर किसी ने डिमांड डाली है. मशीन बोल रही है."

एकाच पुस्तकावर नव्हती ती मागणी. सगळ्यांवर होती. भिलाईतलं कपाट भराभर रिकामं होताना नणंदेनं पाहिलं होतं आणि तिला माझा डाव कळला होता. तिनं आमच्या प्रत्येक पुस्तकावर आपल्या मैत्रिणींची नावं लावून ठेवली आणि वाट बघत बसली. पुस्तक आमच्या घरी असेपर्यंत तिचं काही चालणार नव्हतं. परत केलं की ते पुढच्या मागणीदाराचं. आणि परत करायचं आमंत्रण मी डाळ-पन्हं घालून दिलं होतं.

मी ट्रेवर हात ठेवला. म्हटलं, ही पुस्तकं इथून हलणार नाहीत. सचिवानं तोंडातली डाळ गिळली, तिखटानं डोळ्यांत पाणी आलेलं पुसलं आणि गोड आवाजात म्हणाला, "माताजी, आप ही ने तो कहा था. किताब वहाँ जाए जहाँ पाठक उसकी राह देख रहा हो." उद्घाटनाच्या दिवशी तो तिथं खुर्च्या लावत होता म्हणे. भाषण फार आवडलं होतं त्याला.

बाहेर शेवटची गाडी उभीच होती. माझ्या बायका कुंकवाच्या करंड्या घेऊन बघत राहिल्या आणि आमचं वाण पोत्यात भरून गेलं. दुसऱ्या दिवसापासून आमचं ग्रंथालय नेटवर्कबाहेर. कपाटाच्या जागी आता खुर्च्या आहेत. नवं ॲप उघडलं की गोल फिरत राहतं.

मी नणंदेला फोन केला. नमस्कार, तब्येत, जावयाचं गुडघ्याचं दुखणं, सगळं रीतसर झालं. मग मी म्हटलं, ताई, ती पुस्तकं आमची आहेत, परत पाठवा.

"वहिनी, दिलेलं वाण काहून परत मागून राहिल्या तुम्ही? असं असते का कुठं?"

मी म्हटलं, वाण तुम्हाला नव्हतं दिलं. ती म्हणाली, पण घेतलं तर मीच न. पुढं ती दिलदार झाली. म्हणाली, वाचायचीच असतील तर या भिलाईला. तुम्ही आता बाहेरच्या, तुम्हाला कार्ड मिळणार नाही, पण माझ्या कार्डावर काढून देते. मागासलेल्या बाईचं कार्ड चालत असेल तर.

मी गेले. बसनं गेले, उन्हातून गेले. तिनं मला ग्रंथालयात फिरवलं, लोकांना ओळख करून दिली, ह्या माझ्या वहिनी, वाचायला रायपूरहून येतात, तिकडं काही मिळत नाही बिचाऱ्यांना. मी हसत होते. कपाटाशी जाऊन एक जाडजूड पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं. त्यावरचं बोट माझंच होतं, जरा तिरकं लागलेलं. तिनं कार्ड दिलं, मी पुस्तक पिशवीत टाकलं. मग आणखी एकदा गेले, आणखी एक आणलं. तिच्या घरी कढी जेवले, कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवला.

आता भिलाईहून तिला रोज सूचना येतात, तुमच्या कार्डावरची पुस्तकं मुदतीबाहेर गेली आहेत. ती मला फोन करते. पहिल्या फोनला मी म्हटलं, वाचतेय, ताई, डोळे आता तेवढे चालत नाहीत. दुसऱ्याला म्हटलं, शेवटचं प्रकरण राहिलं. कालच्या फोनला तिचा आवाज चांगलाच चढला होता, पण अहोजाहो सुटलं नव्हतं.

दोन्ही पुस्तकं माझ्या उशाशी आहेत. मोहरीच्या साडीतली ती बाई आतून सांगतेय, की जा, सन्मानानं परत कर, लोकांसमोर कर. तिला मी गप्प बसवलं आहे. फोन वाजतोय. वाजू दे.