करवंटीचा कोळसा आणि मंचरचे मामा

कोळसा वास शोषून घेतो, हे मी जुन्नरच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलोय. तो वास पुढं कुठं जातो, हे मात्र मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या लग्नाला तीनच महिने झाले होते. घर आळेफाट्याच्या अलीकडं, आणि घरामागं दादांचा (म्हणजे वडिलांचा) गोबरगॅस. खड्डा दादांनी स्वतः खणलेला, गावातला पहिला! आल्या माणसाला दादा आधी टाकी दाखवायचे, मग पाणी विचारायचे. माझी बायको सुमन मंचरच्या बटाट्याच्या व्यापाऱ्याची लेक, सिलेंडरवर वाढलेली. तिनं पहिल्या दिवशी बर्नरची चावी फिरवली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली.

"अहो, अंडी नासलीत का कुठं?"

"अगं, आपल्या घरात अंडी येतच नाहीत."

"मग हे काय आहे?"

हे काय आहे, ते मंचरपर्यंत पोचलं. सासऱ्यांचा निरोप आला, "रविवारी येतो. वास येत असंल तर लेकीला सिलेंडर-शेगडी घेऊन देतो."

दादा दोन दिवस नीट जेवले नाहीत. "माझ्या घरात व्याह्याचा शिलिंडर? मंग टाकीत काय बेडकं पाळू?" म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

"दादा, वास मी घालवतो!" मी म्हणालो. (विज्ञानाचा मास्तर ना मी!)

मारुतीच्या देवळातून पोतंभर करवंट्या आणल्या. पत्र्याच्या डब्यात घालून, झाकण लावून, खालून जाळ केला. दोघं बापलेक काळेठिक्कर! तो कोळसा एका कॅनमध्ये भरला आणि गॅसची नळी त्यातून फिरवली. उत्साहाच्या भरात मी कोळसा इतका बारीक कुटला, की वासाबरोबर गॅसही यायचा बंद झाला. दुसऱ्या खेपेला नुसते तुकडे घातले. चावी फिरवली. वास नाही! सुमननं तीनदा वाकून हुंगलं.

"खरंच नाही हो! पण मग तो वास गेला कुठं?"

"कोळशानं शोषला. संपला विषय!"

शनिवारी मी पाहुण्यांसाठी कॅनमध्ये ताजा कोळसा भरला. जुना एका डब्यात घालून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. उद्या उकिरड्यावर टाकू म्हटलं, आणि विसरलो.

रविवारी मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) आले. आधी बर्नर हुंगला, मग चहाचा कप हुंगला, मग संशयानं मलाही हुंगलं.

"पावणं, वास न्हाई राव!"

दादांची छाती अशी फुगली, की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या. "आता आलाच हाये तर मुक्काम करा!"

मुक्काम झाला. सकाळी मामा मोरीवर गेले. आईनं मोठ्या मानानं डबा पुढं केला. "घ्या, राखुंडी. करवंटीची हाय. कालच कुटली, मीठ घालून."

मामांनी चांगली बोटभर घेतली आणि पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत फिरवली. मग बोट थांबलं. डोळे मोठे झाले. मग असा काही आवाज आला, की गोठ्यातल्या म्हशीनं उत्तर दिलं! मामांनी अर्धा रांजण चुळा भरल्या.

"इहीणबाई," ते धापा टाकत म्हणाले, "लई... जोरकस हाय!"

मी डबा ओळखला. "आई, हा कोळसा कुठला?"

"तूच ठिवला व्हता की! मोरीवर कोळसा दात घासायलाच ठिवत्यात ना?"

"अगं, पण कुटताना वास नाही आला?"

नाही आला. आई तीस वर्षं तपकीर ओढत होती. तिच्या नाकाला आता तपकिरीशिवाय कशाचीच ओळख उरली नव्हती.

मग सगळं कबूल करावं लागलं. दादा पायरीवर डोकं धरून बसले. "गेला माझा गॅस," एवढंच म्हणाले. मामा तोंडाला रुमाल लावून एसटीत चढले. त्यांच्या शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर गेला, ते मी खाली उभा राहून पाहिलं. घरी आलो तर सुमन हसून हसून जमिनीवर बसलेली. एवढ्या प्रेमानं ती लग्नातही माझ्याकडं बघून हसली नव्हती.

आठ दिवसांनी मंचरहून एक खोकं आलं. "शेगडी आली," दादा पुटपुटले आणि त्यांनी तोंड फिरवलं. खोकं मी उघडलं. आत टूथपेस्टच्या बारा ट्यूबा, आणि चिठ्ठी: "गॅस तुमचाच चालू द्या. चहा झकास व्हता. दातांचं मात्र इथून पुढं आमी बघतो."

दादांनी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि ती घेऊन थेट टाकीपाशी गेले.

आजही वर्गात कोळसा शिकवताना एखादी मुलगी हात वर करतेच. "सर, मग तो वास जातो कुठं?"

मी फळ्याकडं तोंड करून सांगतो, "मंचरला."