त्याच्या तोंडात माझा आवाज

आमच्या हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा मी नाशिकमध्ये एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. बँडमध्ये आम्ही चौघं: गिटारवाला, बेसवाला, ड्रमवाला आणि गाणारी मी. गाणं म्हणजे सुरेल काही नाही. पोटातून काढलेली घोगरी, गुरगुरती गर्जना. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरात नळ सोडून मी ती शिकले. आईला सुरुवातीला वाटायचं, मला उलट्या होतायत.

तालमी विंचूरजवळ, गिटारवाल्याच्या मळ्यातल्या खोलीत व्हायच्या. खोलीला लागूनच कांद्याची चाळ. पावसाळ्यात आतला कांदा सडायला लागला की तो वास कपड्यांत, केसांत मुरायचा. परतताना एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावून बसायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. गळा मोकळा करायला एवढी एकच जागा होती.

रेकॉर्डिंग नाशिकच्या एका स्टुडिओत झालं. माझा पहिला टेक संपल्यावर रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढून काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, यात काही इफेक्ट टाकायची गरज नाही," तो म्हणाला. "आहे तसंच ठेवू."

त्यानंतर अल्बम निघेपर्यंत मी हवेत होते.

निघाला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यात डबा उघडून मोबाइलवर पहिल्या गाण्याचा व्हिडिओ लावला. व्हिडिओ कधी काढला, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर ते तिघं. गिटारवाला माइकसमोर, मान मागे टाकून, तोंड वासून. आणि त्याच्या तोंडातून माझा आवाज येत होता. कॅमेरा इतका जवळ, की त्याची जीभ, दातांवरची थुंकी, सगळं दिसत होतं. आपला टूथब्रश दुसऱ्याच्या तोंडात दिसावा तसं मला झालं. मी डबा झाकून ठेवला. खाली कलाकारांच्या यादीत माझं नाव नव्हतं. शेवटी 'विशेष आभार' मध्ये होतं, तालमीला जागा देणाऱ्या गिटारवाल्याच्या काकांच्या नंतर.

रविवारी मी विंचूरला गेले. तिघंही खोलीतच होते, कागदावर भेळ पसरून खात बसलेले.

"व्हिडिओत मी का नाही?" मी विचारलं.

"अगं, लोकांना पटत नाही," गिटारवाला म्हणाला. "असा आवाज आणि समोर मुलगी. हसतात."

"कोण हसलं?"

"अजून कोणी नाही. पण हसतील."

ड्रमवाला भेळेतले शेंगदाणे वेचत राहिला. बेसवाल्याने मोबाइल काढला. हे दोघं माझ्या घरी जेवून गेलेले.

"पुढच्या महिन्यात शो आहे," गिटारवाला सांगू लागला. "तू पडद्यामागून गा, मी पुढे उभा राहतो. कुणाला कळणार नाही. तू तर आपल्याला बहिणीसारखी आहेस."

हे बोलताना त्याच्या ओठाला चिंच लागलेली होती. ती त्याने जिभेने चाटली. मला शिसारी आली. "मी येणार नाही," एवढंच म्हणून मी बाहेर पडले.

शो त्यांनी माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून केला. मी तिकीट काढून गेले, का ते अजूनही सांगता येत नाही. कुणी हसलं नाही. पोरं माना झटकत होती, आणि गिटारवाला माझ्या श्वासाच्या जागाही घेत होता, बरोबर तिथेच, पाठ केल्यासारख्या. दुसऱ्या गाण्याला मी निघाले आणि स्टँडवर एसटीची वाट पाहत बसले.

दुसऱ्या अल्बमची वेळ आली तेव्हा त्याचा फोन आला. त्याने दोघांकडून गाऊन घेऊन पाहिलं होतं, जमत नव्हतं.

"या वेळी तुझा फोटोही टाकू," तो म्हणाला, मोठं काहीतरी देत असल्यासारखा.

मी त्याला बोलू दिलं, मग नंबर ब्लॉक केला. दुसरा अल्बम अजून निघालेला नाही. पहिला मात्र चालतो. दवाखान्याच्या खालच्या जिममध्ये सकाळी तो लावतात, आणि जिना चढताना माझंच ओरडणं ऐकून रोज मला मळमळतं.