सेला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. पण आधी एक ऐकून घ्या: ती रचना चांगली आहे. फारच चांगली आहे.

जुन्या हिब्रू स्तोत्रांवर, शब्दांशिवाय, नुसत्या क्लॅरिनेटवर संगीत रचणारा गोंदिया जिल्ह्यात दुसरा कोण आहे? दाखवा. हिब्रू मला येत नाही. मराठी भाषांतर मोठ्यानं वाचतो, ओळ कुठं श्वास घेते ते पाहतो, त्यावर सूर बांधतो. त्या स्तोत्रांत मध्येच एक शब्द येतो — सेला. त्याचा अर्थ पक्का कोणालाच ठाऊक नाही. मी दोन महिने तिथं अडून होतो. सूर द्यायचा तरी कोणता?

माझ्यासोबत ढोलकीवर सुखराम असतो. एरवी राईस मिलमध्ये कामाला. वहीतला तो शब्द बघून तो हसला. आमच्याकडे सेला म्हणजे उकडा तांदूळ — त्याला वाटलं, मी धानावर काही रचतोय. मीही हसलो, जरा वरूनच. मग तो म्हणाला, "सेल्याले घाई चालत नाही जी. वाफ देल्यावर धान तसाच राहू द्या लागते. लगेच कांडला का तुकडा."

मी तिथं सूर दिलाच नाही. ढोलकीही बंद. आठ मात्रा नुसती शांतता, आणि नंतरचा सूर असा अख्खा येतो — काय सांगू! माझ्या आयुष्यात मी याहून सुंदर काही केलेलं नाही.

पण ते मी केलं होतं का?

नागपूरच्या कार्यक्रमात एकानं विचारलं, ही शांतता सुचली कशी? सुखराम शेजारीच बसला होता. त्याचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण हिब्रू स्तोत्राचं उत्तर राईस मिलमधून आलं म्हणायची — मला लाज वाटली. म्हणालो, हिब्रू जाणणाऱ्या एका गुरुजींनी शिकवलं. असे गुरुजी नव्हतेच. टाळ्या पडल्या. तेव्हापासून सगळीकडे हेच सांगत आलो.

सुखराम चिडला असता तर बरं झालं असतं. तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी सरावाला येऊन म्हणाला, "भाऊ, म्या गमतीनं बोललो, तेच गुरुजीबी बोलले म्हना. मोठा मानूस असन. एकदा पाया पडाले न्या."

मी सांगितलं, ते वारले.

सुखरामनं तिथंच हात जोडले. मीही जोडले.