आईचं नाव: उकर्डा

‘मदर्स नेम, डंगहिल!’

अनुवादक साहेबांनी कागद वर धरून मोठ्यानं वाचलं. मग आम्हाला कळावं म्हणून म्हणाले, ‘म्हणजे उकिरडा. जर्मनीतला अधिकारी हे वाचून खुर्चीवरून पडेल.’

अमरावतीतलं त्यांचं ते ऑफिस. पाच-सहा माणसं बसली होती. सगळी हसली.

मीही हसलो.

माझी बायको बाजूलाच उभी होती. नाव तिचं होतं. आमची दहा वर्षांची ऋतुजा तिचा हात धरून होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण आम्हाला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

बायको नर्स. दवाखान्याची ड्यूटी करून जर्मन शिकली, परीक्षा पास झाली, तिथली नोकरी मिळवली. पोरीला सोबत न्यायचं, तर तिच्या जन्मदाखल्याचं भाषांतर लागत होतं आणि त्यावर परदेशात चालणारा सरकारी शिक्का. दाखला आमच्या ग्रामपंचायतीचा. हातानं लिहिलेला, नुसता मराठीत. मी वलगावजवळ फुलशेती करतो. झेंडू, शेवंती. दहावी नापास. इंग्रजी कागद दिसला की माझी मान खाली जाते.

बायकोच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. ही झाली तेव्हा तिच्या आजीनं तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, अन् परत उचलून आणलं. टाकून दिलेल्या लेकराला मरण नेत नाही, असं आमच्याकडं मानतात. म्हणून उकर्डा. ती जगली.

‘नाव बदला,’ साहेब म्हणाले. ‘प्रतिज्ञापत्र मी करून देतो. ऊर्मिला लिहू. जरा सुसंस्कृत वाटतं.’

बायको म्हणाली, ‘साहेब, माह्या पासपोर्टवर उकर्डाच हाय. नर्सिंगच्या सर्टिफिकेटावर बी. अन् नावाचं भाषांतर कुठं होते?’

बरोबर बोलत होती ती. मी म्हटलं, ‘तू गप राय. साहेबाले जास्त समजते.’

तिनं माझ्याकडं पाहिलं. पोरीला घेऊन जिना उतरली. मी मागं थांबलो. हात जोडले.

‘माफ करा साहेब. अडाणी हाय ते.’

परक्या देशाची भाषा शिकलेल्या बाईला मी अडाणी म्हटलं. मी.

घरी आल्यावर ऋतुजानं विचारलं, ‘बाबा, तुमी काहून हासले?’

बायको शेवंती तोडायला गेली. मी मागं गेलो. बराच वेळ ती फुलं तोडत राहिली. मग म्हणाली, ‘त्या साहेबाचं मले काही नाही वाटलं. तसे लय पाह्यले. तुमी हासले.’

एवढंच. पुन्हा तोडायला लागली.

तेव्हा मला आमची लग्नपत्रिका आठवली. पत्रिकेत तिचं नाव ‘उषा’ मीच छापून घेतलं होतं. तिला न विचारता. मित्र हसतील म्हणून. ती तेव्हाही बोलली नव्हती. तिच्या नावाची लाज मला त्या ऑफिसात पहिल्यांदा नव्हती वाटली. ती मी घरूनच घेऊन गेलो होतो. साहेबानं फक्त मोठ्यानं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो.

‘साहेब, आमचा दाखला द्या.’

‘का? बाईसाहेब रुसल्या?’

बसलेली माणसं पुन्हा हसली. मी म्हटलं, ‘उकर्डा हाय तसं लिवून देता का?’

‘माझ्या शिक्क्याखाली असली नावं शोभत नाहीत.’

‘मंग आमचा कागद तुमच्या टेबलावर बी शोभत नाही. द्या इकडं. अन् कालची माफी मी वापस घेतो. माही बायको अडाणी नाही. अडाणी मी होतो.’

टेबलावरचा कागद उचलला अन् खाली उतरलो.

अकोल्यात एक निवृत्त मुसलमान मास्तर भाषांतराचं काम करतात, असं दवाखान्यात बायकोला कळलं. आम्ही तिघं गेलो. त्यांनी तिला खुर्ची दिली. मला काहीच विचारलं नाही. तिला म्हणाले, ‘बेटा, पासपोर्टवर स्पेलिंग कसं हाय? तसंच लिवतो.’ तिनं एकेक अक्षर सांगितलं. पोरगी कान देऊन ऐकत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो.

पुढं शिक्का मिळाला. दोघी गेल्या. मी इथंच, शेतावर. तिनं मला माफ केलं का, ते विचारलेलं नाही. विचारायची माझी लायकी नाही.

बँक असो, तहसील असो, बायकोचं नाव विचारलं की मी पूर्ण सांगतो. समोरचा हसला, तर पुढचं काही सांगत नाही. त्याचं हसणं सरेपर्यंत त्याच्या तोंडाकडं पाहत राहतो. मग पुन्हा सांगतो. तो ते बरोबर लिहीपर्यंत मी खिडकीवरून हलत नाही. हलणार नाही.