विजयमाला मॅडम निवडून आल्या

विजयमाला मॅडमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी पाच-सहा वर्षं नोकरी केली. शुक्रवार पेठेतल्या बायकांना गाडी शिकवायचं काम माझं. मॅडमच्या तोंडून "छान" असं कधी निघालं नाही. फारच खूश असल्या तर म्हणायच्या, "पायल, आज कुणाला धडकली नाहीस वाटतं."

मग महापालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव निघाली, तशी पक्षाची माणसं आली. आली ती मॅडमकडे नव्हे, त्यांच्या मिस्टरांकडे. महिपतीकाकांचं शेजारीच पंखेदुरुस्तीचं दुकान.

"वहिनींना उभं करा," एक जण म्हणाला. "सह्या त्या करतील, कारभार आपण बघू."

काका बिचारे चहा सांगायला उठले. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या.

"उभी राहते की. पण गाडी मी चालवणार. मिस्टर शेजारी बसतील, तेही बेल्ट लावून."

पाहुणे हसले. त्यांना ती गंमत वाटली.

भाषण मात्र जमेना. पहिल्याच कोपरा सभेत मॅडम माईक धरून नुसत्या उभ्या. मीच घामाघूम! तेवढ्यात एका टेम्पोवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावली आणि मॅडमना कंठ फुटला. "ओ दादा, गल्ली आहे का तुमचं अंगण? घ्या मागं! डावीकडं तोडा... अजून... बास!" टेम्पो निघाला, रस्ता मोकळा झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या बोलतच सुटल्या.

निवडून आल्यावर गल्लीतल्या बायका मला पुढं घालून त्यांच्याकडं गेल्या. नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी, तेही अपरात्री. मी रुबाबात म्हटलं, "मॅडम, मी आलेय."

"दिसतंय. रांगेत उभी राहा."

लई राग आला. पण नंबर आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आमच्यासमोरच पाणीखात्याच्या साहेबांना फोन लावला. महिनाभर पाणी सकाळी आलं. पुढं पहिले पाढे पंचावन्न.

आम्ही भांडायला निघणार, तोच मॅडम स्कूटीवरून गल्लीत हजर.

"वेळ बदलून घेतली होती, टिकली नाही. मला अजून जमलेलं नाही. मागं लागलेय."

शेजारची नागम्मा तोंडाची फटकळ. आता ही काय बोलते, म्हणून माझा जीव मुठीत. ती आत गेली आणि खुर्ची घेऊन आली.

"बसा की मॅडम. जमलं न्हाय म्हणून सांगाया कोन येतंय हितं?"

मॅडम बसल्या. मी चहा टाकायला पळाले.