माझ्या वाटणीचा रोट

दोन रिपोर्ट जुळले नाहीत की नाना आधी चष्मा काढायचे. तो टेबलावर पालथा ठेवायचे, तळहातांनी डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "जागा कोठे जात नही, ताई. कोन्ही तरी तठे बठेल ऱ्हास." जागा कुठे जात नाही, कुणीतरी तिथं बसलेलं असतं. मग चष्मा चढवून ते त्या कुणीतरीला शोधायला लागायचे.

नाना हे काही त्यांचं नाव नव्हे. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या ऑफिसात शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. खरं नाव मी सांगणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही, पण त्यांच्या मुली उधन्यात राहतात आणि त्यांना त्याच गल्लीतून जावं-यावं लागतं.

आमचा धंदा साड्यांवरच्या छापाचा. डिझाइन मी काढायची. ऑफिसातल्या गप्पा, मीटिंगा आणि रोजच्या फाइली इंटरनेटवर एका ठिकाणी राहायच्या. छपाईच्या मिलला पाठवायच्या जड फाइली दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींना मिळून जागा एकच, भाड्याची, आणि दोन्हीकडे महिन्याला रिपोर्ट निघायचा. हे दोन रिपोर्ट म्हणजे एका घरातल्या दोन सुना. एक म्हणणार जागा भरली, दुसरी म्हणणार अजून निम्मी रिकामी. शेठ कागद फडफडवत, हे दोन जुळत का नाहीत म्हणत बाहेर यायचे. "नाना, आ बे रिपोर्ट केम नथी मळता?"

नाना पूर्वी मिलच्या गोदामात कापडाचे ताके सांभाळायचे. कॉम्प्युटर नंतर शिकले आणि ऑफिसात ते सगळं तेच बघायचे, पण समजावताना बोलायचे ताक्यांचंच. "फाइल पुसली म्हणजे गेली असं नसतं ताई. ती मागच्या खोलीत पडून राहते, आणि खोलीचं भाडं चालू." "तू एकच डिझाइन दहादा सुधारलंस ना, मग ते दहा ताके झाले. तुला वरचाच दिसतो." आणि सगळ्यात महत्त्वाचं, "फाइल दहा जण बघत असले तरी वजन मालकाच्याच खात्यावर पडतं. बेरीज चुकली की मालक शोधायचा." मी साताऱ्याकडची, चित्रकलेचं शिकलेली. असल्या गोष्टी मला कुणी इतक्या मायेनं कधी सांगितल्या नव्हत्या.

माया मी मुद्दाम म्हणते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांच्याजवळ बसलं तर परक्या गावात माहेर मिळाल्यासारखं होतं. नाना धुळ्याकडचे. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायचे, आणि अर्धी भाकरी माझी असायची. जेवायची वेळ झाली की हाक यायची, "ताई, भाकर गरम कर. तुझा कॉम्प्युटर राहू दे चालू, मी तेवढ्यात कचरा काढतो." मी भाकरी घेऊन चहाच्या खोलीत शेगडीपाशी जायची. परत येईपर्यंत नाना माझ्या खुर्चीवर बसून माझ्या जुन्या फाइली साफ करत असायचे. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगायची, की बापानं केलं नसतं एवढं हा माणूस करतो.

त्या श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसली, खानदेशात घरोघर बसवतात ती देवी. सुरतेत खानदेशी घरं उदंड, त्यामुळे उधन्यात तिच्या रविवारी गल्लोगल्ली वाजत-गाजत असतं. दोन दिवसांनी नानांनी डबा उघडला आणि भाकरीऐवजी कणकेचा जाड रोट काढला.

"कानबाईचा रोट आहे. भाऊबंदकीबाहेर देत नाहीत आमच्यात."

"मग मला कसा?"

"तू बाहेरची आहेस का?" म्हणाले, आणि तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. डोळे भरून आले होते, हेही लपवत नाही.

लग्नसराईची डिझाइनं मी त्याच सुमारास संपवली. त्यात एक मोर होता, मान मागं वळवून आपलाच पिसारा बघणारा. त्याच्यासाठी मी किती पानं फाडली ते माझं मला ठाऊक. आमचा माल मिलमधून सुटायच्या आत तोच मोर, त्याच वळणाचा, दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या साडीवर बाजारात आला. शेठनी ती साडी माझ्या टेबलावर टाकली. डिझाइन माझं, फाइल माझ्या खात्यात, तर संशय दुसऱ्या कुणावर जाणार? माझा पगार होताच पणाला, पण पगार दुसरीकडे मिळतो. एकदा डिझाइन विकणारी म्हणून नाव झालं की सुरतेच्या बाजारात कुणी दारात उभं करत नाही.

शेठनी नानांना रिपोर्ट बघायला सांगितलं. नानांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा चढवला. बराच वेळ बघितलं. मग हात जोडून म्हणाले, "शेठ, फाइली ताईच्याच खात्यातून गेलेल्या दिसतात. पण पोर साधी आहे. चुकून बटण दाबलं गेलं असेल. माझ्याकडे बघून माफ करा."

शेठनी माफ केलं. म्हणजे नव्या डिझाइनचं काम काढून घेतलं आणि मला जुन्या साड्यांचे रंग जुळवायला बसवलं. मी रडत रडत नानांच्या पाया पडले. ते म्हणाले, "असू दे, होतं." तो स्पर्श आठवला की आजही माझे हात मला धुवावेसे वाटतात.

पुढं पुतण्याच्या लग्नाला नाना गावी गेले, आणि नेमकी तेव्हाच जागा भरल्याची सूचना आली. मिलकडे फाइली जाईनात. ऑफिसात दुसऱ्या कुणाला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. शेठ नाइलाजानं माझ्याकडे आले. "नाना पासे शीखी छे ने? जो ने."

नानांकडून शिकले होतेच. आधी गप्पांच्या ठिकाणचा रिपोर्ट घेतला. पुसलेल्या फाइली वेगळ्या काढल्या, सुधारलेल्या प्रती वेगळ्या काढल्या, तिकडची बेरीज जुळली. मग मिलकडच्या फाइलींचा घेतला. प्रत्येकाच्या खात्यातली जागा मिळवली, तर एकूण आकडा बेरजेपेक्षा मोठा निघाला. पुन्हा मिळवली, तेच. मग नानांचंच वाक्य आठवलं, बेरीज चुकली की मालक शोधायचा. नाना दर महिन्याला शेठना जी यादी द्यायचे ती बाजूला ठेवून मी मूळ यादी उघडली. त्यात एक खातं जास्त होतं. आमच्याकडून केव्हाच सोडून गेलेल्या एका डिझायनरचं खातं बंदच झालेलं नव्हतं. नाना फक्त त्याची ओळ यादीतून वगळत होते.

शेठच्या पासवर्डनं ते उघडलं आणि आत माझा मोर बसलेला. एकटा मोर नाही, माझं त्या वर्षीचं सगळं काम तिथं होतं, आणि ते खातं त्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या माणसाला बघायला खुलं होतं. पासवर्ड विसरला तर ज्या मोबाइलवर निरोप जाणार, तो नंबर नानांचा. प्रत्येक फाइल माझ्या खात्यातून तिथं गेली होती जेवायच्या वेळेला. तेव्हा मी शेगडीपाशी त्यांची भाकरी गरम करत होते.

खरं सांगते, चोरीचं मला तेवढं लागलं नाही. या बाजारात डिझाइनं चोरीला जातात, जातच राहतील. पण माझ्यासाठी हात जोडून माझ्याच गळ्यात धोंडा बांधायचा, आणि वर मला पाया पडू द्यायचं, हे कुठल्या काळजाचा माणूस करतो?

नाना लग्नाचे लाडू घेऊन आले. शेठच्या केबिनमध्ये मी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्यासमोर फिरवला. त्यांनी चष्मा काढला, पालथा ठेवला. डोळे मात्र चोळले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तू तर शिकी गई, ताई."

एवढंच. मी म्हटलं, "नाना, का केलंत?" ते चष्मा उचलून दाराकडच्या चपला पायात घालायला लागले. शेठनी बोभाटा नको म्हणून पोलिसात दिलं नाही, त्याच दुपारी घरी पाठवलं. मला नव्या कामाला लावत म्हणाले, "चालो, हवे नवी डिझाइन बनावो," आणि फोनवर बोलायला लागले. माझी माफी कुणी मागितली नाही. माझं नाव धुतलं गेलं एवढ्यावर मी समाधान मानलं, पण नानांचे लाडू ऑफिसात वाटले गेले तेव्हा मी उठून बाहेर गेले.

आता रिपोर्ट मीच जुळवते. नवीन मुली विचारतात, पुसलेली फाइल जागा कशी खाते, आणि माझ्या तोंडून ताके आणि मागची खोली असलंच सगळं बाहेर पडतं. स्वतःचाच संताप येतो. पण दुसरं चांगलं सांगताच येत नाही. जेवायला जाताना कॉम्प्युटर मात्र बंद करून जाते, आणि खुर्ची टेबलाखाली सरकवून.

यंदाच्या श्रावणात कानबाई उठल्यावर वरच्या मजल्यावरच्या माझ्या घराच्या दारावर टकटक झाली. नानांच्या बायको. एवढे जिने चढून दमल्या होत्या. हातात पदराखाली धरलेला डबा.

"त्यासनी धाडेल शे, ताई. नही म्हनू नको." नानांनीच पाठवला होता.

डबा उघडायची गरज नव्हती. झाकणाच्या फटीतून भाजलेल्या कणकेचा वास येत होता. मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. त्या बिचारीचा काय दोष? पाणी पिऊन त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला. मनात आलं की घ्यावा. खरंच आलं.

मी डबा दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"वहिनी, रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत ना?"

त्यांनी झाकण नीट दाबून बसवलं, डबा पुन्हा पदराखाली घेतला आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेल्या. मी दार लावलं नाही. त्या खाली रस्त्यावर पोचेपर्यंत तो वास जिन्यात होता.